काटा कोण बघतंय?

मित्रांनो, घरातल्या मालकीणबाई गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी गॅरेजमधल्या टेबलावर सुटा पडलो होतो. मी एका जुन्या मोटारीचं इंजिन. मालक माझ्या पिस्टनला रिंगा चढवत होते. फोन आला, त्यांनी ऐकून घेतला, हातातली रिंग ट्रेमध्ये ठेवली आणि तशाच तेलकट हातांनी दवाखान्यात गेले. मग बरेच महिने माझ्यावर चादर होती.

त्याआधी मी पुष्कळ धावलो. गाडी बाईच चालवायच्या. मालकांना खोलण्यात रस. 'तुम्ही खोला, मी पळवते,' असं त्या म्हणायच्या. लोक माझ्या आवाजाचं कौतुक करायचे. पुढे मी तेल पिऊ लागलो, धूर ओकू लागलो, तेव्हा मला दुसऱ्यांदा खाली उतरवलं. माझा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, घासून देणाऱ्याने बजावलं होतं, की ही शेवटची वेळ. यापुढे घासायला लोखंड उरलेलं नाही.

एका सकाळी मालकांनी चादर काढली. मला जोडलं, गाडीत बसवलं. आता, नव्याने बांधलेलं इंजिन एकदम पेटवायचं नसतं. आत तेल पोचलेलं नसतं. आधी ठिणगी पाडणारे प्लग काढून नुसतं स्टार्टरवर फिरवायचं आणि स्टिअरिंगसमोरचा तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत धीर धरायचा. हे दोघांचं काम. मागच्या खेपेला मालक बॉनेटपाशी होते आणि बाई सीटवर. त्यांनी आतून 'उठला हो' म्हटल्याशिवाय मालकांनी प्लगला हात लावला नव्हता.

या वेळी त्यांनी लांब वायर जोडून स्टार्टरचं बटण बॉनेटपाशीच आणलं. सीटवर बसायला नको म्हणून. मी कोरडाच गरगरलो. तेल वर येईना. काटा आत, मालक बाहेर. तरी त्यांनी पाना उचलला आणि प्लग लावायला घेतले. मी धास्तावलो. कोरडा पेटलो असतो तर माझा कायमचा निकाल लागला असता.

तेवढ्यात बाईंचा धाकटा भाऊ रोजच्यासारखा जेवणाचा डबा घेऊन आला. दारातच थबकला.

"दाजी, काटा कोण बघतंय?"

"कोणी नाही."

"मग मी काय नुसते डबे पोचवायला जन्मलोय? सरका."

हा ताडमाड माणूस. त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट मागे घेऊ का, असं त्याने विचारलं.

"नको," मालक म्हणाले. "ती तिच्या मापाची आहे. तसाच बस."

तो अंगाची घडी करून बसला. मालकांनी पुन्हा सगळं तपासलं. तेलाचा फिल्टर रिकामाच बसवला होता. तो भरून बसवायचा, हे त्यांना झोपेतही ठाऊक. पण झोपच कुठे होती? त्यांनी फिल्टर काढला, तेलाने भरला, पुन्हा आवळला आणि बटण दाबलं. बराच वेळ काही नाही. मग माझ्या माथ्यावर तेल झिरपलं.

"उठला, दाजी," आतून आवाज आला.

मालक फडक्याने पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिले.

मित्रांनो, यंत्राला आधी तेल द्या, आणि दोघांचं काम एकट्याने उरकू नका. माझं एवढंच मागणं आहे.

त्याच दुपारी प्लग लागले, वायरी जोडल्या, पेट्रोल भरलं. मेहुण्याने विचारलं, "मारू चावी?" मालक म्हणाले, "उद्या." तो रोज येतो, डबा ठेवतो, विचारतो. मला अजून सुरू केलेलं नाही.