मला उजव्या बाजूने भरवा

मला घरी नेण्यात कवळीकाकांचा काय फायदा होता, ते आधी सांगते. मी त्यांना फुकट मिळाले. शिवाय माझ्यासोबत एक वाकडा जबडा मिळाला, आणि वाकडा जबडा दिसला की या माणसाचे हात शिवशिवतात. काका दातांच्या कवळ्या बनवतात. पालीचा जबडा सरळ करून दाखवला तर धंद्यातले सगळे तोंडात बोट घालतील, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे बघा मित्रांनो, तोंड माझं आणि नाव त्यांचं!

होय, मी पाल आहे. किंचाळून झालं असेल तर पुढे वाचा. मी तुमच्या भिंतीवरची नव्हे. मला भिंतीवर चढता येत नाही, पण मला पापण्या आहेत आणि अंगावर पिवळे-काळे पट्टे आहेत. पाळीव प्राण्यांच्या दुकानात अंड्यातून बाहेर आले तेव्हाच माझा खालचा जबडा डावीकडे सरकलेला होता, पाठीला बाक होता आणि पुढचा एक पाय मुडपलेला होता. भावंडं दोन दिवसांत किडे पकडू लागली. मी झेप घ्यायची, ती किड्याच्या शेजारी पडायची. दुकानदार म्हणाला, "ही काही जगायची नाही. न्यायची तर न्या."

काकांनी मला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीखाली ऊब देणारी गादी, कोपऱ्यात ओल्या स्पंजचा डबा. व्यवस्था चांगली होती, ते मी नाकारत नाही. त्यांची थोरली बहीण, म्हणजे ताई, मात्र दारातूनच ओरडली, "घरात आपोआप येतात तेवढ्या पाली पुरत नव्हत्या का तुला?"

"फुकट मिळाली गं, ताई."

"फुकट? मग डोकं दुकानदाराचंच ठिकाणावर आहे."

तिसऱ्या दिवशी काकांनी मेण मऊ केलं आणि जबड्याचं माप घ्यायला मला उचललं. मी वळवळले. त्यांनी घाबरून शेपूट घट्ट धरली. शेपूट त्यांच्या हातात राहिली आणि मी टेबलाखाली पळाले. मित्रांनो, आमच्यात शेपूट शोभेची नसते. चरबी तिथेच साठते. अडचणीच्या दिवसांची माझी सगळी शिदोरी त्या माणसाच्या मुठीत वळवळत होती.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर ठेवलं. पावणेतीन ग्रॅमची मी सव्वादोनवर आले होते. त्या म्हणाल्या, "जबड्याला पुन्हा हात लावू नका. महिन्यात चार ग्रॅम झाली तर निभावेल. नाही झाली, तर उपाशी तळमळत ठेवण्यापेक्षा इंजेक्शन देऊन शांत झोपवू."

हे सगळं माझ्यासमोर चाललं होतं. मला कुणी विचारलं नाही. मी मनात म्हटलं, झोपेन, पण माझी मी, आणि पोटभर खाऊन.

कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, त्यातून काकांनी माझ्यासाठी नखाएवढा चमचा घडवला. चमचा देखणा होता. त्यातलं अन्न मात्र माझ्या डोळ्यात, मानेवर, सगळीकडे जात होतं, फक्त पोटात जात नव्हतं. चार दिवस ताईने हे दारातून पाहिलं.

"अरे, समोरून काय मारतोस तिच्या तोंडावर! आईला अर्धांगवायू झाला तेव्हा काय केलं होतं आपण?"

"काय केलं होतं?"

"आपण नाही, मी. तू खिडकीशी उभा राहून नाक ओढत होतास. जी बाजू चालते तिकडून भरवायचं. ओठाला लावायचं आणि थांबायचं. गिळल्याशिवाय दुसरा घास नाही. सरक!"

तिने डोळे अर्धे मिटून चिमट्यात अळी धरली, ठेचली, कॅल्शियमच्या भुकटीत बुडवली आणि तिचा मऊ गर माझ्या ओठाला उजवीकडून लावला. मी चाटला.

"ईऽऽ, चाटलं रे तिने!" ताई किंचाळली. पण हात मागे घेतला नाही.

मग रोज तिच्या चहाच्या वेळी माझंही जेवण होऊ लागलं. प्रत्येक अळीमागे ती दिनदर्शिकेवर एक रेघ ओढायची. अकराव्या दिवशी मी अख्खी अळी स्वतः धरली, आणि अळीसोबत ताईचं बोटही.

"चावली! उजवीकडून चावली!" असं ती काकांना बोट नाचवत सांगत होती, जणू नातीला पहिला दात आला होता.

महिना भरला. काका आणि ताई मला पुन्हा त्या काट्यापाशी घेऊन गेले. आकडा स्थिरावला, चार आणि वर एक दशांश. डॉक्टरीणबाईंनी औषधांचं कपाट न उघडताच हात धुतले.

"जबडा मात्र वाकडाच राहिला," त्या म्हणाल्या.

"राहू दे," ताई म्हणाली. "तुमचं अक्षर तरी कुठे सरळ आहे?"

मित्रांनो, मी आजही वाकडीच आहे. नवी शेपूट आली आहे, मुळ्यासारखी जाड आणि बेढब. ती मला आवडते. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी आलं, तर त्याला सरळ करायला बसू नका. त्याचं तोंड कुठल्या बाजूने चालतं ते पाहा, घास तिथे न्या आणि थांबा.

बाकी या सगळ्याची किंमत कुणी मोजली म्हणाल, तर काकांचा एक चमचा वाया गेला, ताईचं बोट दोन दिवस दुखलं, माझी एक शेपूट गेली. आणि दिनदर्शिकेवर रेघा आहेत एकाहत्तर. त्या अळ्यांपैकी कुणी आत्मवृत्त लिहिलं असतं, तर त्यात मी फार वाईट दिसले असते.