बत्तीसपैकी दोन दात

घाबरणाऱ्या माणसांचा मला राग येतो, असं मी इंटरनेटवर सहा वर्षं लिहीत होते. भयपट, भयकथांची पुस्तकं, अंगावर काटा आणणारी गाणी, या सगळ्यांवर मत ठोकून द्यायला मी एक पान उघडलं होतं. पानाचं नाव ‘दातखीळ’, कारण माझा धंदाच दातांचा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात आणि मी घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावरून कवळी करते. म्हणून मार्कही मी दातांतच द्यायचे, बत्तीसपैकी. उत्तम सिनेमाला तीस दात, बऱ्याला वीस आणि टुकार असेल तर सरळ बोळकं. लोकांना हा प्रकार आवडला. साडेनऊ हजार वाचक झाले. ते मला वाघीण म्हणायचे आणि मीही खुशाल म्हणवून घ्यायचे.

एकदा एका मास्तरांनी लिहिलं की एक सिनेमा त्यांना सोसवला नाही, ते अर्ध्यातून उठून आले. त्यांना मी उत्तर दिलं, ‘दूध प्या आणि झोपा.’ चारशे लोकांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. मला दिवसभर बरं वाटत होतं.

आता खरं काय ते सांगते. हे सगळे सिनेमे मी दुपारी एक ते तीन, पडदे सरकवून, भर उजेडात आणि आवाज पूर्ण बंद करून बघायचे. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, एवढंच माझं म्हणणं. आवाज काढून घेतला की भूत म्हणजे मेकअप करून दमलेला नट असतो. संवाद खालच्या पट्टीवर वाचता येतात. घरात विचारणारं कुणी नव्हतं, कारण माझ्याबरोबर दुपारी बसायचे ते माझे सासरे, आणि त्यांना कमी ऐकू येतं. ‘बाबांना नाहीतरी ऐकू येत नाही, म्हणून आवाज बंद ठेवते,’ असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. कानाचं मशीन लावल्यावर बाबांना चांगलं ऐकू येतं, हा तपशील मी गाळला होता. पुस्तकांवर मात्र मी प्रामाणिकपणे लिहायचे, पुस्तक आवाज करत नाही. गाण्यांचा कप्पा नवऱ्याकडे होता. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि त्याच्या कानात सतत काहीतरी वाजत असतं.

तर एक दिवस एका नव्या सिनेमाची लिंक आली. नाव ‘पलीकडचं बिऱ्हाड’. नव्या पोरांनी मिळून केलेला पहिलाच सिनेमा, आणि सोबत ‘कृपया हेडफोन लावून बघावा’ अशी ओळ. मी म्हटलं, आले मोठे शहाणे. नेहमीसारखाच बघितला. एक बाई एका घरात एकटी राहते. ती भिंतीकडे बघते. खुर्चीवर बसते, उठते, पाणी पिते, पुन्हा भिंतीकडे बघते. संवाद नाहीतच, त्यामुळे पट्टीही नाही. बाबा वीस मिनिटांत घोरायला लागले. मी लिहिलं, ‘नव्वद मिनिटं एक बाई भिंतीकडे बघते. आमच्याकडे रंगारी आले होते तेव्हा मीही बघितलं होतं, पण आम्ही तिकीट लावलं नव्हतं. दोन दात, तेही दुधाचे.’ त्या ओळीवर लोक फिदा झाले. बाजारामागे नव्वद खुर्च्यांचं एक छोटं थिएटर आहे, तिथे शुक्रवारी हा सिनेमा लागला. तो थिएटरवाला बरंवाईट प्रत्येक परीक्षण छापून तिकीट खिडकीच्या काचेवर चिकटवतो. माझंही चिकटवलं.

रविवारी मला एक पत्र आलं. ते मी इथे जसंच्या तसं देते, कारण त्यातल्या प्रत्येक शब्दाने माझा कान धरला.

‘नमस्कार. “पलीकडचं बिऱ्हाड”चे आवाज मी केले आहेत. या शुक्रवारी सिनेमा थिएटरमधून उतरतोय, पण तक्रार करायला लिहीत नाही. तुमची सिनेमांची सगळी एकशे चाळीस परीक्षणं मी वाचली. त्यात आवाजाबद्दल एकही शब्द नाही. गाण्यांवर लिहिणारं माणूस वेगळं आहे, हे भाषेवरून कळतं. तुम्हाला ऐकू येत नसेल तर मला माफ करा. लिंक पाठवण्याआधी मी विचारायला हवं होतं. पलीकडच्या घरातून काय काय ऐकू येतं ते पट्टीवर लिहून मी दोन दिवसांत तुमच्यासाठी वेगळी प्रत करून पाठवते.’

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ही माझीच माफी मागत होती. नवऱ्याला पत्र दाखवावं लागलं आणि मग दुपारची सगळी गोष्टही सांगावी लागली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाला, “हो म्हण की तिला. ऐकू येत नाही म्हण. सुटलीस.”

तो थट्टेत म्हणाला, पण माझं बोट खरोखरच तिकडे वळलं. उत्तरात मी लिहिलंही, ‘हो, तुमचा अंदाज बरोबर आहे.’ पाठवायचं तेवढं बाकी होतं. बाबा माझ्या मागेच उभे होते, चष्मा कपाळावर चढवून. कान मंद असले तरी त्यांची नजर चांगली शाबूत आहे.

“ते खोड,” ते म्हणाले.

मी काहीतरी ततपप केलं.

“अगं, बहिरेपण माझं आहे. सात वर्षं झाली, फोनवर मशीनही कामाचं नाही, नातवंडांचे फोन आले की मी नुसता हं हं करतो. ते काही तुला उसनं मिळणार नाही.” मग खुर्ची ओढून बसत ते जरा मऊ आवाजात म्हणाले, “आणि मी मशीन लावून बसलो तरी तू आवाज बंदच ठेवतेस, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. म्हटलं, पोर घाबरते, घाबरू दे. त्यात काय एवढं? पण लोकांना हसायचं नाही तू, घाबरतात म्हणून.”

मी ते वाक्य खोडलं. मला खूप लाज वाटली. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण बाबा माझ्यावर असे कधी रागावले नव्हते.

सोमवारी आम्ही घरीच आवाज लावून बघायला बसलो. चार मिनिटं झाली आणि मी गॅस बंद करायला उठले. गॅस लावलेलाच नव्हता. मंगळवारी सहा मिनिटं तग धरली, मग मला एकाएकी एका पेशंटची दाढ घासायची आठवण झाली. बाबा म्हणाले, घरी बटण तुझ्या हातात आहे, त्यामुळे हे होणार नाही. थिएटरात चल. नवऱ्याने वेगळाच सल्ला दिला. सिनेमा पुन्हा पाहिला, मत बदललं, वीस दात, एवढंच लिही. कारण कोण विचारतंय? सल्ला शहाणपणाचा होता आणि मला तो फार आवडला. पण मत बदलायला आधी ते असावं लागतं. आवाज न ऐकता माझं कसलं आलं मत?

बुधवारी दुपारच्या खेळाला आम्ही गेलो, मी आणि बाबा. बाबांनी मशीन लावलं होतं, सेल नवे घातले होते आणि इस्त्रीचा शर्ट चढवला होता. तिकीट खिडकीच्या काचेवर माझेच दोन दात चिकटवलेले होते. त्यांच्या शेजारूनच मी तिकिटं घेतली. आत मोजून सात माणसं. दोघं मोबाइल बघत होती, एक जण मन लावून काहीतरी कुरतडत होता.

सिनेमा तोच, पण मी तो पाहिलाच नव्हता. बाई भिंतीकडे बघते, कारण पलीकडे कुणीतरी चालतंय. ती थांबली की तेही थांबतं. ती नळ सोडते, पलीकडे नळ सुटतो. ती खोकते आणि पलीकडे क्षणभराने अगदी तिच्याचसारखा खोकला ऐकू येतो. पलीकडचं घर रिकामं आहे, हे आपल्याला पहिल्याच दृश्यात दाखवलंय, ते तर मीही पाहिलं होतं. माझी पाचावर धारण बसली. मी बाबांची बाही धरली, मग दंड धरला. बाबा मात्र लग्नाच्या जेवणाला बसल्यासारखे खुशीत होते. मध्येच माझ्या कानाशी म्हणाले, “काय स्वच्छ ऐकू येतंय गं.”

आणि मग ती बाई खुर्चीवर बसते. अगदी अलगद, जराही आवाज न करता. सगळं शांत. आणि भिंतीपलीकडे, कुणाचं तरी वजन पडावं तशी एक खुर्ची कुरकुरते.

मी ओरडले. साधीसुधी नाही, पोटातून किंकाळी फोडली. कुरतडणाऱ्याच्या हातातलं पुडकं सांडलं. दोघांनी मोबाइल खाली ठेवले आणि मग शेवटपर्यंत वर उचलले नाहीत.

खेळ सुटल्यावर बाहेरच्या पॅसेजमध्ये एक मुलगी धावत आली. पंचविशीची, ठेंगणी, गळ्यात मोठे हेडफोन, हातात वही. ती शेवटच्या रांगेत बसली होती. गेले सहा दिवस ती प्रत्येक खेळाला तिथेच बसत होती म्हणे. ओरडलं कोण, असं तिने विचारलं. बाबांनी बोटाने मला दाखवून दिलं.

तिने माझे दोन्ही हात धरले. त्या कुरकुरीसाठी तिने चाळीस खुर्च्या बसून पाहिल्या होत्या. शेवटी आत्याच्या शिलाई मशीनपुढचं एक जुनं स्टूल मिळालं, त्यावर अकरा दिवस काम केलं. पण सहा दिवसांत त्या जागी कुणी साधं दचकलंही नव्हतं, तेव्हा तिला वाटायला लागलं होतं की आपल्याला हे काम येतच नाही. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली की शुक्रवारनंतर ती बँकेच्या परीक्षेला बसणार होती, अर्जही भरून झाला होता.

आता गप्प राहून घरी जाणं फार सोपं होतं. ती मला ओळखत नव्हती.

“मी ‘दातखीळ’वाली,” मी म्हणाले. “मला ऐकू येतं. चांगलं ऐकू येतं. मी सगळे सिनेमे आवाज बंद करून बघते, कारण मी भित्री आहे. तुमचाही तसाच बघितला.”

तिने माझे हात सोडले.

“म्हणजे ते दोन दात तुम्ही कशाला दिले होते?” तिने विचारलं.

ती वही छातीशी धरून निघून गेली, आणि तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मी तिथेच पॅसेजमधल्या बाकावर बसले आणि मोबाइलवर लिहायला घेतलं. बाबा शेजारी बसून होते. मी सगळं लिहिलं. एकशे चाळीस मुके सिनेमे, दुपारचा उजेड, बाबांच्या कानांवर ढकललेलं खापर, ते न पाठवलेलं खोटं उत्तर, सगळं. मास्तरांची माफी मागितली. शेवटी लिहिलं, ‘माझी आजवरची परीक्षणं डोळ्यांची होती, कानांची नव्हती. ती तशीच ठेवते, पण प्रत्येकावर ही सूचना लावते. “पलीकडचं बिऱ्हाड” मी आज पहिल्यांदा पाहिला. अठ्ठावीस दात. चार अक्कलदाढा माझ्याकडेच नाहीत, म्हणून देता येत नाहीत.’ आणि पाठवून दिलं.

शिव्यांचा पाऊस पडला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत आठशे वाचक गेले. कुणी मला फसवी म्हणालं, कुणी वाघिणीची मांजर झाली असं लिहिलं. पण मास्तरांनी लिहिलं, ‘दूध प्यायलो. आता मला तिकीट कुठे मिळेल ते सांगा.’ त्याखाली तिकीट विचारणाऱ्यांची रांग लागली. मी थिएटरवाल्याकडे जाऊन बसले. तो शुक्रवारी सिनेमा उतरवणार म्हणजे उतरवणारच होता. तीन कप चहा आणि माझी बडबड पोटात गेल्यावर तो म्हणाला, तीस माणसं जमवा, शनिवारी दुपारी एक खेळ देतो. मी त्या मुलीला नुसती वेळ कळवली. उत्तर आलं नाही.

शनिवारी एकोणसत्तर माणसं आली. मास्तर पहिल्या रांगेत जाऊन बसले. नवरा आणि बाबाही आत गेले. मी बाहेरच थांबले, कारण आत ती शेवटच्या रांगेत असेल आणि माझं तोंड बघायची तिची इच्छा नसेल असं मला वाटलं. पण ती बाहेरच होती. दाराशी भिंतीला टेकून, हातातल्या घड्याळाकडे बघत. मला पाहून तिने मान वळवली. आम्ही दोघी पाऊण तास दाराच्या दोन बाजूंना उभ्या होतो.

मग ती अचानक आली, माझं मनगट पकडलं आणि मला दारापाशी ओढून घेतलं.

“कान लावा,” ती म्हणाली.

मी दाराला कान लावला. आत काहीच ऐकू येत नव्हतं, एकोणसत्तर माणसं असून खोकलासुद्धा नाही. मग ती छोटीशी कुरकुर झाली आणि सगळं थिएटर एकदम किंचाळलं, मास्तरांचा आवाज सगळ्यांत वर. मी दाराच्या बाहेर, भर दुपारी, पुन्हा दचकले. तिने माझं मनगट सोडलं नाही. तिने डोळे मिटून घेतले होते आणि आतली किंकाळी पूर्ण विरेपर्यंत ती ऐकत उभी राहिली.

“सोमवारी बँकेचा तो अर्ज मागे घेते,” ती म्हणाली.