लांबच्यांसाठी ठराव

बोरीच्या अलीकडच्या त्या गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं फार हळवी. जगात कुठंही अन्याय झाला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. आपल्याच वेशीबाहेर झाला तर मात्र दोन भाकरी जास्त जातात.

धोंडीबा धनगराचं पाल त्याच वेशीबाहेर, गायरानात होतं. त्याचं गाव धरणात बुडून दहा वर्षं होत आली. बदल्यात जमीन मिळणार होती, ती अजून मिळणारच होती.

त्याच्या मेंढरांवर गावाचा भारी जीव. रब्बीच्या मोकळ्या रानात कळप रात्रभर बसवला की लेंडीखत आपोआप पडतं, म्हणून ‘आज माझ्या रानात’ अशी भांडणं लागायची. मेंढरं बसली की खत, धोंडीबा बसला की अतिक्रमण! सरपंच भगवानरावांनी त्याला बजावलं होतं, सोमवारपर्यंत गायरान खाली कर. इकडे त्याची लेक रुख्मिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. पोरीचं माहेर उचलून न्यायचं कुठं, या काळजीनं धोंडीबाचा जीव टांगणीला लागला होता.

त्याच आठवड्यात रेडिओवर बातमी आली, इस्राएल आणि इजिप्तचा अमेरिकेत करार झाला. साल अठ्ठ्याहत्तर. पॅलेस्टिनी लोकांच्या जागेचंही तिथं ठरलं म्हणे, पण ते स्वतः बैठकीला नव्हते. गावाला त्याचं नवल वाटलं नाही. गायरानाचंही धोंडीबाला न बोलावताच ठरलं होतं.

भगवानरावांनी चावडीपुढं भोंगा लावून सभा घेतली. धोंडीबा कळप घेऊन तिथून चालला तेव्हा देशांची नावं घेऊन झाली होती, भाषण अर्ध्यावर आलं होतं.

“ज्यांची घरंदारं गेली, ज्यांची लेकरं तंबूत जन्मतात, त्यांना हक्काची जागा मिळालीच पाहिजे! आणि शेजाऱ्यालाही निर्धास्त झोप लागली पाहिजे! दोघांनी एकमेकांना सांभाळून राहावं. ठराव मंजूर!”

टाळ्या कडाडल्या. धोंडीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तंबूतली लेकरं म्हणजे आपलीच, आणि शेजारी म्हणजे हे गाव, यात त्याला तसूभरही शंका आली नाही. आपण उगाच या देवमाणसाला शिव्या दिल्या, असंही त्याला वाटलं. त्या रात्री त्यानं मोबदल्याचे दाणे न मागता अख्खा कळप सरपंचाच्या रानात बसवला.

सकाळी भगवानराव खुशीत रान बघायला आले. पाहतात तो शेजारच्या गायरानात धोंडीबा दगडमातीची भिंत रचतोय.

“हे काय करायलायस रे?”

“घर, सायेब. तुमीच ठराव केला की!”

भगवानरावांनी कपाळावर हात मारला. “अरे येड्या, तो ठराव तुझा न्हाई! ती माणसं तिकडं लांब हायेत, समुद्रापलीकडं!”

पालातून रुख्मिणीच्या कण्हण्याचा आवाज आला. कळा सुरू झाल्या होत्या. हातातला दगड कुठं ठेवावा हे धोंडीबाला कळेना.

“म्हंजी ती बी आमच्यावानीच?”

“अगदी तशीच! म्हणून तर जीव तुटतो आमचा.”

धोंडीबानं मान हलवली. त्याच्या मनात एकच आशा उरली होती.

“मंग सायेब, तिकडच्या गावांनी बी आमच्यासाठी ठराव केला आसंल. त्यो सोमवारच्या आत पोचंल का?”