मरतूक शून्य

‘जिवाणूयुक्त खाद्यपूरक दिलेल्या कोंबड्यांत मानमोडी रोगाच्या लशीनंतर प्रतिपिंडांची सरासरी दुप्पट झाली, एकच डोस पुरेसा ठरावा. मरतूक शून्य.’

कुक्कुट संशोधन संस्थेच्या अहवालातील हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. सरासरी काढली तेव्हा चाळीसपैकी बावीसच पक्षी उरले होते, एवढे सांगण्याचे सौजन्य मात्र त्यात नाही.

संस्थेची शेड सांभाळणारी आक्का; तिच्या बहिणीने या वाक्यावर विसंबून आपल्या दोन हजार पक्ष्यांना पूरक दिले आणि दुसरा डोस टाळला. महिन्याभरात पक्षी माना पाठीकडे पिळून, गरगर फिरत, चोचीतून लाळ गाळत मेले. तडफडत उरलेले दोघी बहिणींनी फावड्याने संपवले. लस संस्थेच्या फ्रीजमधली, फ्रीज आक्काच्या ताब्यात. तिने त्याची वीज बंद ठेवली, म्हणून लस नासली, असे हा प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी कळवले. आता तिची नोकरी जाणार होती आणि वर खटला.

आमच्या समितीच्या चौकशीत मी तिला विचारले, “अठरा पक्षी गेले कुठे?”

“छाटणीत.”

“म्हणजे मेले?”

“मेले कसले साहेब, चांगले टणटणीत होते! आपोआप मेलं तर मरतूक, मारलं तर छाटणी. वहीत रकानेच वेगळे आहेत. डॉक्टरांनीच शिकवलंय.”

“लंगडे असतील,” डॉक्टर हसले. “हिला काय कळतंय?”

“लंगडे? मग तुमचा हात फाडला तो कोणी, लंगड्यानं? पंख काखेत दाबून माना हिसडत होतात. एकीचं तर मुंडकंच हातात आलं!”

डॉक्टर टेबलावरून झेपावले. त्यांनी तिचे मनगट धरून उलटे पिळले. पकड सराईत होती. हाड मोडल्याचा आवाज समितीतल्या आम्हा तिघांनाही ऐकू आला. शिपायांनी त्यांना भिंतीशी दाबून धरले. आक्का जमिनीवर कण्हत असताना मी लशीनंतरच्या दहाव्या दिवसाच्या रक्तनळ्यांची यादी वाचून दाखवली. सर्वांत कमी प्रतिपिंडांच्या अठरा नळ्या आणि छाटलेल्या अठरा पक्ष्यांच्या पायांतली कडी: क्रमांक तेच. अहवालातले रक्त चौदाव्या दिवसाचे होते.

डॉक्टरांचा जबाब इतिवृत्तात शब्दशः असा आहे:

“हो, मारले. दहाव्या दिवशी कमी आलेले त्याच दुपारी संपवले. ही नको नको म्हणाली, म्हणून शेवटचा हिच्याच हातात दिला आणि वरून हात दाबून मान पिळायला लावली. फ्रीज एकदाही बंद पडला नव्हता.”