झाकण हरवलेला कॅन

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची असेल तर जरा लांबच बसा. माझ्या अंगाला वास येतो. मी एक जुना लोखंडी कॅन आहे, वीस लिटरचा, डिझेलचा. उचलायचा कान काळा पडलेला, मानेजवळचा रंग करपून पत्रा उघडा पडलेला. इतर वस्तू आपलं आयुष्य ताठ मानेनं सांगतात. मला ते खाली मान घालून सांगावं लागणार आहे.

माझा जन्म चिकलठाण्याच्या एका कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, जोडला आणि मला हिरवा रंग दिला. तोंडाला घट्ट फिरकीचं झाकण बसवलं. ते हरवू नये म्हणून साखळीनं माझ्या कानाला बांधलं. रंग देणारा म्हातारा कामगार झाकण आवळत सोबत्याला म्हणाला, “याची सगळी अब्रू या झाकणात हाय बघ.” मला हसू आलं होतं. अब्रू माझ्या पोटातल्या तेलात असणार, झाकणात कशी असेल?

कन्नडच्या बाजारातून मला बद्रीनाथनं घरी आणलं. त्याचं गाव घाटाच्या पायथ्याशी. घरी लाल ट्रॅक्टर, आणि पंप चौदा किलोमीटर लांब. ट्रॅक्टर तिथवर न्यायचा म्हणजे जाण्यायेण्यातच निम्मं डिझेल संपायचं. म्हणून मोटरसायकलला दोरीनं बांधून मी जायचो आणि भरून यायचो. सकाळी बद्रीनाथ मला उचलून ट्रॅक्टरच्या टाकीवर तिरपा धरायचा. नरसाळ्यात फडकं घातलेलं असायचं. गट्‌गट्‌ आवाज करत मी रिता व्हायचो आणि थोड्याच वेळात ट्रॅक्टर आद्रकाच्या शेताकडे निघायचा. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “हा हाय म्हणून आपलं चाक फिरतंय.” मी फुगून जायचो.

बाहेर ठेवलेलं डिझेल एकदा चोरीला गेलं होतं. तेव्हापासून माझी जागा घरातच, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात.

ही जागा एका माणसाला कधीच पटली नाही. बद्रीनाथची बायको रत्नमाला. संभाजीनगरला कॉलेज करून आलेली. लेक सृष्टी झाल्यापासून तर तिचे डोळे घरभर फिरत असायचे. गॅसचं बटण दोनदा बघायची, विहिरीकडचं फाटक तीनदा. माझ्याकडे बघितलं की कपाळाला आठी पडायची.

“अहो, हे घरातून काढा ना. पोर खेळती इथं.”

“आली आमची फायर ब्रिगेड!” बद्रीनाथ हसायचा. “अगं, डिझेल हाय, पेट्रोल नाय.”

सासू दगडाबाई तर ठासून सांगायच्या, “काडी टाकली तरी विझती त्यात. म्या सोता पाह्यलंय.”

मलाही तसंच वाटायचं. मी तर घरातलाच. मला कशाला भ्यायचं?

मग पेरणीच्या घाईत एक दिवस साखळी तुटली. बद्रीनाथनं झाकण उंबऱ्यावर ठेवलं, टाकी भरली आणि तो तसाच रानात गेला. तीन वर्षांची सृष्टी दुडूदुडू आली. तिनं झाकण उचललं, फ्रॉकला पुसलं आणि आपल्या भातुकलीत नेऊन विटांच्या चुलीवर पालथं घातलं. तिचा तवा झाला!

मी हे सगळं पाहिलं. मित्रांनो, खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. झाकण नव्हतं तेव्हा माझा वास घरभर पसरायचा. येणारा जाणारा म्हणायचा, “डिझेल भरलंय वाटतं!” मला ते कौतुकच वाटायचं.

संध्याकाळी झाकण सापडेना. बद्रीनाथनं दगडाबाईंच्या फाटक्या लुगड्याची चिंधी घेतली, पिळा घालून माझ्या तोंडात बोळा कोंबला. एक टोक बाहेर लोंबत राहिलं. “चालतंय,” तो म्हणाला.

रत्नमालाला ते चालत नव्हतं. तिनं पलंगाखाली शोधलं, कणगीमागं शोधलं. एकदा ती शोधून दमली आणि सृष्टीजवळ बसली. सृष्टीनं मातीची भाकर पुढं केली. “गरम हाय आई. फुक.” रत्नमालानं फुंकर मारली, खाल्ल्यासारखं केलं आणि पुन्हा झाकण शोधायला उठली. तवा तिच्या समोर होता. ती झाकण शोधत होती, म्हणून तिला तो दिसला नाही.

“आत्याबाई,” ती एकदा सासूला म्हणाली, “दिव्यातलं तेल तरी कुठं काडीनं पेटतं? पेटती ती वात. आणि ही चिंधी वातच झाली की!”

“लई शिकल्याव बाई तुम्ही,” दगडाबाई हसल्या. रत्नमाला गप्प झाली. अशी ती चार महिने गप्प होत राहिली.

खंडेनवमी आली. या दिवशी आमच्याकडे घरातल्या सगळ्या लोखंडाची पूजा होते. विळा, खुरपं, पाना, कुदळ, सगळं धुऊन भिंतीशी ओळीनं मांडलं. ओळीत शेवटी मी, आतल्या खोलीच्या दाराशी, आदल्याच दिवशी काठोकाठ भरलेला. दाराला फुलाफुलांचा पडदा होता. आत सृष्टी झोपली होती. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं. खिडकी होती, तिला गज.

बद्रीनाथ अंगणात ट्रॅक्टरला झेंडूची माळ बांधत होता. रत्नमालानं विळ्यापासून कुंकू लावत आणलं. प्रत्येकापुढं पणती ठेवली. माझ्यापाशी येऊन ती थांबली. तिनं चिंधीकडे बघितलं आणि पणती हातातच धरली.

शेजारच्या सरूबाई दारात उभ्या होत्या. “का गं, त्यालाच तेवढा दिवा नाय व्हय? तेलावर ट्रॅक्टर चालतोय तुमचा, आन् तेलवाल्यालाच अंधारात ठिवती?”

“भेती ती त्याला,” दगडाबाई म्हणाल्या. “कॉलेजात हेच शिकिवलं.”

दोघी हसल्या. रत्नमालाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं माझ्या पोटावर कुंकवाचं बोट ओढलं आणि पणती माझ्यापुढं ठेवली. नको तितकी जवळ ठेवली. भीत नाही हे दाखवायचं होतं ना तिला.

आणि मी? मी मनात म्हणत होतो, अजून जवळ. आज मीही देव झालो होतो.

बायका प्रसाद घेऊन अंगणात गेल्या. वारा आला. चिंधीचं टोक हललं, एकदा, दोनदा, आणि पणतीवर टेकलं.

काडी टाकली तरी विझते म्हणत होते ना? चिंधी विझली नाही. ती सावकाश, निवांत पेटली. चार महिने तिनं माझंच तेल प्यायलं होतं. जाळ वर चढला, माझ्या तोंडाशी आला, माझा कान चाटून पडद्याला लागला. पडद्याच्या पलीकडे सृष्टी होती. मला ओरडता आलं नाही. तोंड होतं, पण त्यात जाळ होता.

पहिला वास रत्नमालाला आला. ती धावत आत आली.

“सृष्टे!”

दगडाबाई मागोमाग पाण्याचा हंडा घेऊन आल्या.

“पाणी नका, आत्याबाई! पसरंल ते! पोतं, ओलं पोतं!”

माठाखालचं ओलं गोणपाट तिनंच ओढलं आणि दोन्ही हातांनी माझ्या तोंडावर दाबून धरलं. पत्रा तापला होता. तिच्या उजव्या तळव्याची कातडी माझ्या कानाला चिकटली, तरी तिनं हात काढला नाही. बद्रीनाथनं पडदा फाडून पायाखाली तुडवला. धुरातून खोकत सृष्टी बाहेर आली आणि डोळे चोळत म्हणाली, “आई, काय करपलं?”



रत्नमालाला दवाखान्यातून हाताला पट्टी बांधून आणलं. मग बद्रीनाथ म्हणाला, “चुकी माझी हाय. बोळा मीच घातला.” दगडाबाई म्हणाल्या, “लुगडं माझं व्हतं. आन् जीभबी माझीच.”

“दिवा मी ठेवला,” रत्नमाला म्हणाली. “तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माहीत असून ठेवला, लोक हसतील म्हणून.”

आईला बरं वाटावं म्हणून सृष्टी भातुकली घेऊन आली. विटा मांडल्या, तवा ठेवला, त्यावर मातीची भाकर. “खा आई. आज मी भरवते.”

तेव्हा सगळ्यांनी एकदम तव्याकडे बघितलं. कडेला माझा हिरवा रंग होता. एका बाजूला तुटकी कडी लोंबत होती.

रत्नमालानं पट्टीचा हात तोंडावर धरला आणि ती रडली. जाळ बघून रडली नव्हती.

“माझा तवा हाय,” सृष्टी अडून बसली. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ कन्नडला गेला, चिमुकला खराखुरा तवा घेऊन आला. तेव्हा कुठं अदलाबदल झाली आणि माझं झाकण माझ्या तोंडावर बसलं. नवी साखळी आली. घरापासून लांब, चुलीपासून लांब, बद्रीनाथनं विटांची छोटी खोली बांधली. तिला जाळीचं दार आणि कुलूप. आता मी तिथं असतो. घरभर वास येत नाही, कोणी कौतुक करत नाही. तेच बरं आहे.

त्यानंतर कितीतरी दिवस रत्नमाला माझ्याकडे बघायची नाही. मीही तिच्याकडे बघायचो नाही. तिला तिची लाज, मला माझी. तिच्या लेकीपेक्षा मला एक पणती मोठी वाटली होती, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार?

यंदा पुन्हा खंडेनवमी झाली. रत्नमाला कुंकू घेऊन आली. आधी तिनं झाकण फिरवून बघितलं. घट्ट होतं. मग कुंकू लावलं, माझ्या पोटावर नाही, झाकणावर. सृष्टी मागून पणती घेऊन आली तशी दगडाबाई अंगणातूनच ओरडल्या, “तिथंच थांब गं पोरी! देवाला लांबूनबी दिसतंय!” सरूबाई शेजारीच उभ्या होत्या. कोणी हसलं नाही. पणती तुळशीपाशी ठेवली. रत्नमालानं जाता जाता आपला गुळगुळीत झालेला तळवा माझ्या काळ्या कानावर क्षणभर ठेवला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ कोपऱ्यात उभा असेल. तो काही बोलणार नाही. तोंडात चिंधी कोंबली तरी गप्प राहील, कुंकू लावलं तर खूशही होईल. त्याचं ऐकू नका. घरात कोणी “हे बाहेर काढा” म्हणत असेल, तर तिला हसू नका. आणि तुमच्या भातुकलीत एकदा बघा. त्याचं झाकण तिथं असेल, तर तेवढं देऊन टाका.