माशाची रेकॉर्ड

काचेपलीकडे बाबा कानांवर हेडफोन लावून बसले होते आणि हातातलं बटण दाबत नव्हते.

आवाज आला की बटण दाबायचं, एवढीच ती तपासणी. हॉस्पिटलच्या त्याच खोलीत बाबांची सगळी नोकरी गेली, पण काचेच्या या बाजूला, यंत्रापाशी. बटण धरून बसलेल्या प्रत्येकाला ते आधी दटावायचे, "अंदाजाने दाबायचं नाही. आल्यासारखं वाटलं म्हणून दाबायचं नाही. आलं तरच दाबायचं." आज स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी आपलाच नियम तंतोतंत पाळला. यंत्रावरची मुलगी त्यांच्या हाताखाली तयार झालेली. तिने खटका फिरवला, माझ्याकडे एकदा बघितलं, पुन्हा फिरवला. बाबांचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता.

"सर, खालचे सूर छान येतायत," दार उघडून ती म्हणाली. "वरचे जरा..."

"गेले," बाबा म्हणाले. "बोल की सरळ. अगं, जन्मभर मी लोकांना हेच सांगितलंय."

"मशीन लावून बघूया ना. आता खूप चांगली येतात."

"बोलणं ऐकायला चांगली आहेत. संगीत त्यातून पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येतं. सवय होईल असं मीच सांगायचो सगळ्यांना. थापा मारायचो."

ती मुलगी हसली, पण तिचे डोळे भरले होते. बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि चपला घालायला वाकले. रस्त्यावर आल्यावर, जणू घरी जाताना साबण घ्यायचाय अशा सुरात म्हणाले, "रेकॉर्डी बसवाल्याला देऊन टाकतो. रविवारी बोलावतो त्याला."

मी रस्त्यातच थांबले; ते पुढे चालत राहिले.

रेकॉर्डी म्हणजे आमच्या घराची मधली खोली. जमिनीपासून छतापर्यंत. त्यातली एकही रेकॉर्ड तुम्ही ऐकलेली नसणार, हे मी पैजेवर सांगते. बाबा फ्री जॅझ गोळा करायचे, आणि त्याच्याही पलीकडचं, ज्याला नाव द्यायला कुणी धजावलं नाही असं प्रायोगिक काहीतरी. या रेकॉर्डी मोठ्या कंपन्या काढत नाहीत. कुठल्यातरी शहरात दोन मित्र किंवा एखादं नवराबायकोचं जोडपं गॅरेजमध्ये कंपनी थाटतं, थोड्याशा प्रती छापतं, वेष्टनं स्वतः चिकटवतं आणि काही वर्षांनी थकून बंद करतं. बाबांना या कंपन्या नातेवाइकांसारख्या पाठ होत्या. एखादी बंद पडल्याचं कळलं की त्या दिवशी ते जेवताना गप्प असायचे.

त्या संगीताला ताल नाही, चाल नाही. पाच जण आपापल्या वाटेने निघालेत आणि मुक्कामाला एकत्र पोचायची कुणालाच फिकीर नाही, असा सगळा मामला. माझा नवरा लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला तेव्हा बराच वेळ सभ्यपणे बसला आणि मग म्हणाला, "वरच्या मजल्यावर दुरुस्तीचं काम चाललंय का?" बाबांनी त्याला जावई म्हणून पसंत केला, पण त्या खोलीत पुन्हा बसवलं नाही.

हे वेड लागलं कसं असं विचारलं तर बाबा म्हणायचे, "दिवसभर यंत्रातली ती स्वच्छ शिट्टी ऐकायची. नाही चढ, नाही उतार, नाही श्वास. घरी आल्यावर जरा माणसं हवीत ना."

खोलीचा नियम एकच होता. सुई टेकली की ती उचलेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. मी लहानपणी शिंकसुद्धा दाबून धरायचे. नियम मोडायची ती फक्त आई. ती इस्त्रीचं टेबल त्याच खोलीत मांडायची, कारण प्लग तिथेच होता, आणि शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवता फिरवता विचारायची, "हे वाजवतायत की भांडतायत?" बाबा कपाळाला हात लावायचे. आई कपड्याला पाणी मारायची. सगळ्या भिंतभर रेकॉर्डींत तिला एकच आवडायची, माशाची.

तिचं वेष्टन सामान बांधायच्या पुठ्ठ्याचं होतं. त्यावर हाताने उमटवलेला निळा मासा होता, शेपटीकडे शाई जरा फिसकटलेली. ना वाजवणाऱ्यांची नावं, ना आणखी काही. आत एक सॅक्सोफोन, एक ढोल वाजवणारा, आणि पत्र्यावर गज फिरवणारा कुणीतरी. रेकॉर्ड मोठ्या आकाराची, आणि मोठी तबकडी म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांचा सावकाश वेग, लहान असली तर पंचेचाळीसचा, हा साधा हिशोब. बाबांनी तेहतीसवर लावली.

आईची इस्त्री थांबली. शर्ट करपेल म्हणून मी बोट दाखवलं तेव्हा कुठे तिने ती उभी केली.

"अहो, हे बरंय," ती म्हणाली.

"सुई," बाबा ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"असू दे सुई. तो मध्येच वर चढतो ना, तिथे ऐका. गल्लीच्या टोकाला उभं राहून कुणीतरी हाक मारतंय. जेवायला या म्हणून."

"हाकबिक काही नाही. तो सॅक्सोफोन वरच्या पट्टीत नेतोय. अवघड असतं ते."

"अवघड असेल. हाकच आहे पण."

पुढे कितीतरी वर्षं इस्त्रीचा दिवस म्हणजे माशाचा दिवस. "आपली लावा," आई म्हणायची आणि बाबा मुकाट्याने लावायचे. एरवी तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारी दोन माणसं त्या वेळात एका खोलीत असायची आणि मला घर भरल्यासारखं वाटायचं. आईला हाक ऐकू यायची. बाबांना काय ऐकू यायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग बसवाला आला. हा खरोखरच बस चालवायचा. एका दुकानात, कुणी हात न लावलेल्या खोक्यात दोघांनी एकाच रेकॉर्डीला हात घातला आणि मैत्री झाली. शहरात असं संगीत ऐकणारे बहुधा ते दोघंच. बाबांनी त्याला कौतुकाने मासा ऐकवला. बसवाल्याने नियम पाळला, शेवटपर्यंत बोलला नाही, पण सुई उचलल्या उचलल्या मांडीवर थाप मारून हसायला लागला.

"दादा, अहो ही पंचेचाळीसची आहे. माझ्याकडे आहे ना. इतकी वर्षं हळू लावून ऐकताय?"

बाबांचा चेहरा पडला. कानाच्या जिवावर पोट भरणारा माणूस, आणि नेमका कानानेच दगा दिला. दुसऱ्या कुठल्या संगीतात हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं. या संगीतात बरोबर काय नि चूक काय ते वाजवणाऱ्यालाच माहीत. त्यांनी तिथल्या तिथे खटका पंचेचाळीसवर सरकवला. ढोल धावायला लागला, सॅक्सोफोन बारीक आणि तिखट झाला. जिथे हाक होती तिथे एक लहानशी चिमणी चिवचिवून गेली.

"वा," बाबा म्हणाले. "हे खरं."

"ते आपलं नाही," आई म्हणाली.

"अगं, चुकीचं ऐकत होतो आपण."

"असेल. मला ते सावकाशीचंच आवडतं."

पण बाबांपुढे बरोबर आणि चूक एकदा ठरलं की विषय संपला. त्यानंतर मासा त्या घरात तेहतीसवर कधी लागला नाही. आईने एक लांब वायर आणून घेतली आणि इस्त्रीचं टेबल स्वयंपाकघरात हलवलं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला आता वाटतं.

आई आजारी पडली तेव्हा तिचा पलंग मधल्या खोलीत आणला, कारण तिथे उजेड चांगला होता. शेवटच्या आठवड्यांत एका दुपारी ती म्हणाली, "आपली लावा ना." बाबा धडपडत उठले. पुठ्ठ्याच्या वेष्टनातून रेकॉर्ड काढली, मखमलीच्या तुकड्याने पुसली, सुई टेकवली. पंचेचाळीसवर. त्यांच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. आईने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. ब्र काढला नाही. सुई उचलल्यावर म्हणाली, "छान."

मी दारात उभी होते. तेहतीसवर लावा, असं सांगावंसं वाटलं होतं, पण बाबांनी इतक्या मायेने ती रेकॉर्ड पुन्हा वेष्टनात घातली की माझा धीर झाला नाही.

ती गेल्यावर बाबा रोज संध्याकाळी मासा लावायचे. मी शाळेत शिकवून परस्पर त्यांच्याकडे जायचे, तेव्हा ते मान पुढे काढून, एक हात कानामागे धरून बसलेले असायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, "तुझी आई हाक म्हणायची ती कुठेशी होती गं? मी शोधतोय." त्यांना ती हवी होती. दुसरं काहीच नको होतं. आणि हल्ली तर त्या जागी चिमणीसुद्धा त्यांना ऐकू येईनाशी झाली होती. म्हणून ते तपासून घ्यायला गेले, आणि काय झालं ते मी आधीच सांगितलं.

रविवारी बसवाला रिकामी खोकी घेऊन आला. तोही आता निवृत्त, गुडघे गेलेले. त्याला फार आनंद व्हायला हवा होता, पण तो खोलीच्या दारातच घुटमळला.

"दादा, राहू दे ना इथेच. मी येऊन ऐकत जाईन."

"आणि मी काय करू? तुमच्या तोंडाकडे बघत बसू? जो ऐकतो त्याच्याकडे जाऊ देत."

ते दोघं एकेक रेकॉर्ड काढून खोक्यात उभ्या लावत गेले. प्रत्येकीपाशी बाबांची काही ना काही आठवण. ही कुणाकुणाची मनधरणी करून मिळवली, हिच्या वेष्टनाला ओल लागली म्हणून आईशी अबोला धरला. मी चहा केला, तो निवून गेला. भिंत जसजशी उघडी पडायला लागली तसतसा मागचा रंग दिसायला लागला, खोलीच्या बाकीच्या रंगापेक्षा कितीतरी ताजा. मला तिकडे बघवेना. या खोलीशिवाय बाबा दिवसभर बसतील कुठे, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

शेवटी मासा उरला.

"ही एकदा लावूया," बाबा म्हणाले. "मग घेऊन जा. तुमच्याकडे आहे, पण असू दे आणखी एक."

सुई टेकली. पंचेचाळीस. बसवाल्याने डोळे मिटले. बाबा खुर्चीत ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर असतो तसला समजूतदार भाव. ढोल त्यांना येत होता, पायाच्या बोटांवरून कळत होतं. सॅक्सोफोन वर चढायला लागला आणि त्यांची बोटं थांबली. तिथे त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. ते तसेच बसून राहिले, सभ्यपणे, दुसऱ्याचं ऐकून व्हायची वाट बघत.

मला ते सहन झालं नाही. मी उठले आणि प्लेअरचा खटका सरकवला. तेहतीस.

आवाज घसरला, जड झाला, खाली उतरला. बसवाल्याने दचकून डोळे उघडले. माझ्याकडे बघून त्याने हातानेच विचारलं, हे काय? नियम त्याने त्याही वेळी पाळला. मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांनी मान वळवली होती, इस्त्रीचं टेबल जिथे असायचं त्या कोपऱ्याकडे.

ढोल सावकाश चालत आला. पत्र्यावरचा गज फिरला. मग सॅक्सोफोन वर चढायला लागला, पण त्याचं वर जाणं आता फार वर नव्हतं. बाबांना जेवढं उरलं होतं तेवढ्यात ते मावत होतं. तो टोकाला पोचला, तिथे जरा थांबला, आणि गल्लीच्या टोकाला उभं राहून कुणीतरी हाक मारली.

"हीच का गं?" बाबांनी विचारलं. सुई रेकॉर्डीवर होती, तरी ते बोलले.

मी मान हलवली.

"किती स्पष्ट आहे," ते म्हणाले. "ती सांगत होती." मग बसवाल्याकडे वळून म्हणाले, "बाकीच्या न्या. ही नाही देत."

"नका देऊ, दादा," बसवाला म्हणाला, आणि त्याने मोकळं राहिलेलं खोकं पायाने हळूच दाराबाहेर सरकवलं.

सॅक्सोफोन पुन्हा चढायला लागला. बाबांनी डोळे मिटले होते. उजव्या हाताची मूठ गुडघ्यावर होती, काहीतरी धरल्यासारखी, आणि अंगठा वर. ते वाट बघत होते. हाक आली, आणि त्यांनी अंगठा दाबला.