वाचणाऱ्या बाईंचा आवाज

कॅसेटच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता. साहेबांनी ती मदतीसाठी आलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यावर दाबण म्हणून ठेवली होती, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानं वरचा कागद नुसताच फडफडत होता. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या ‘बोलकी खोली’ नावाच्या संस्थेनं अर्जाबरोबर जुना नमुना म्हणून ती पाठवली होती, पण वाजवायला यंत्र रंगाच्या अख्ख्या कारखान्यात नव्हतं. निवड समितीत बसलेल्या तिला मात्र ती वाजवायची गरजच नव्हती... खटका, थोडी खरखर, मग घसा खाकरल्याचा आवाज आणि – “नमस्कार. काल जिथे थांबलो तिथून पुढे जाऊ.” आणि तेव्हा घरी दृष्टी पार गेलेले तिचे बाबा खुर्चीत सावरून बसत, हात जोडत आणि म्हणत, “नमस्कार बाई. सावकाश होऊ दे.”

“आली माझी सवत,” आई आतून म्हणायची. “तिला म्हणावं, येताना कांदे तरी आणत जा.”

बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेले. डोळे गेले तरी खोड जाते थोडीच. बाई कुठे भरभर वाचून गेल्या की ते बोट वर करायचे – इथे स्वल्पविराम होता, थांबल्या नाहीत, आज घरी काहीतरी बिनसलंय त्यांचं. बाईंना सर्दी झाली की आईला काढा करायला सांगायचे, आणि आई खरंच करायची, बाबांनाच पाजायची, वर म्हणायची, पोचला हो तुमच्या बाईंना. मी दारात उभी राहून हसत असे, तिला आठवलं. तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार...

“कुणाचा कुठल्या संस्थेशी संबंध असेल तर आत्ताच सांगा,” साहेब म्हणाले. “त्यानं खोलीबाहेर जायचं. मत द्यायचं नाही.”

हा नियम नवाच होता. गेल्या वर्षी गोदामवाल्या काकांनी मेव्हण्याची व्यायामशाळा अशी काही रेटून नेली की निवड समितीची पार शोभा झाली. आता काकाच सगळ्यात आधी नकारार्थी मान हलवून मोकळे झाले. हिशेबाच्या बाईंनी हलवली, प्रयोगशाळेतल्या तरुणानं हलवली. तिनंही हलवली. ऐकणं म्हणजे का संबंध? असा वाद ती सकाळपासून स्वतःशी घालत होती. रंगजुळणीच्या टेबलाशी दोन पट्ट्या उजेडात शेजारी धरून बसलेली असतानासुद्धा, आणि एरवी डोळे मिटूनही ओळखेल अशा त्या छटा आज तिच्याच्यानं जुळत नव्हत्या. मी त्या बाईंना कधी भेटले नव्हते. त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. पण गेल्या महिन्यात समिती पाहणीला गेली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर घोंगड्या ठोकलेल्या त्या खोलीत एक म्हातारी भिंग धरून वाचत होती, सगळ्यांना पाहून थांबली, “नमस्कार, बसा,” म्हणाली... आवाज झिजला होता. पण वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा तो हेल तोच होता. बाकीचे वीजबिलाचं विचारत राहिले, आणि ती मात्र म्हातारी पुन्हा वाचायला लागेल म्हणून वाट पाहत राहिली.

यंदा मदत मिळाली नाही तर ती खोली सोडावी लागणार, हे चालकांनी सरळच सांगितलं होतं. कंपनी मदत करणार एकाच संस्थेला. समोर होती चाकाच्या खुर्चीतल्या मुलांसाठीची बाग – तिच्याविरुद्ध बोलायला तोंड कुणाला असणार?

“आपण त्या खोलीला रंग देऊ,” काका म्हणाले. “माल आपलाच.”

“वाचायला माणसं हवीत आणि आपण भिंती रंगवायच्या,” हिशेबाच्या बाई म्हणाल्या. “दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.”

“पण माणसं कशाला?” तरुण म्हणाला. त्याच्या सुरात खोट नव्हती, तो खरंच विचारत होता. “हल्ली मोबाइल वाचून दाखवतो की सगळं.”

बाग म्हणणारे दोघं, काका आणि तो. खोलीच्या बाजूनं हिशेबाच्या बाई, आणि आता साहेबही मान डोलावत होते. म्हणजे तिनं फक्त हात वर करायचा होता. गप्प बसायचं, हात वर करायचा, चहा प्यायचा. एवढं सोपं.

“मोबाइलला सर्दी होत नाही,” ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तरुण हसला. इथेच थांबायला हवं होतं, हे तिला कळत होतं, आणि तरी ती बोलत राहिली – “माझ्या वडिलांना दिसत नव्हतं. त्या बाईंना सर्दी झाली की ते काळजी करायचे. बाई दमल्यात, बाई आज खूश आहेत, असं सांगायचे आम्हाला. शेवटी शेवटी घराबाहेरचं असं त्यांना तेवढंच एक माणूस उरलं होतं...”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे संबंध आहे तुमचा,” ते मऊपणानं म्हणाले.

“आहे,” ती म्हणाली.

आता ती बाहेरच्या बाकावर बसली होती. बंद दारापलीकडे आवाज होते, शब्द नव्हते. दोन मतं बागेला, दोन खोलीला; आणि अशा वेळी काय होतं, ते नियमात तिनं कधी वाचलं नव्हतं. मूर्ख बाई, ती स्वतःला म्हणाली. हातातलं मत घालवलंस. तरुणाला पटवायचं होतं म्हणून बोललीस? नाही. न्यायाची चाड म्हणून? तेही नाही, उगाच मोठेपणा नको. आई गेल्यापासून ‘बाबा म्हणायचे’ असं ज्याच्याशी बोलता यावं असं कुणी उरलं नव्हतं, आणि आज समोर माणसं बसली होती, ऐकत होती... म्हणून. त्या बाईंची खोली पणाला लावून मी तेवढं बोलून घेतलं. याची लाज वाटत होती, खरीखुरी वाटत होती; आणि तरीही दार उघडावं, आतून कुणीही यावं, निकाल नंतर सांगावा, आधी विचारावं – आणखी काय म्हणायचे हो तुमचे वडील – असंच तिला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.